शेतराखणीसाठी पिस्तुलाच्या काडतुसाची आखूड कार्बाइन: परवान्यावर मिळते का, आणि घ्यावी का?

आर्वीकडचा

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात आमचं वावर आहे. एका बाजूला नाला आणि त्याला लागून झुडपी जंगल. तूर, हरभरा आणि थोडी पऱ्हाटी (कापूस). हरभऱ्याचे घाटे भरायला लागले की रानडुकरं उतरतात, आणि कळप एकदा वावरात शिरला की सकाळी तो पट्टा नांगर फिरवल्यासारखा दिसतो. रोह्यांचा (नीलगाईंचा) त्रास आहेच, पण रोही माणूस दिसला की हलतो. डुक्कर हलत नाही.

बाबांच्या नावावर बाराबोर दुनळी आहे, जुना परवाना. बाबांचं वय आता ७२. बंदूक लांब आहे, मचाणावर वळवताना बल्लीला लागते, आणि धक्का असा की बाबांचा खांदा दुसऱ्या दिवशी वर होत नाही. माझा मामेभाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याच्याकडे ९ मिमीची कार्बाइन आहे, म्हणजे खांद्याला लावायची आखूड बंदूक, पिस्तुलाचंच काडतूस चालणारी. सुटीत आला होता तेव्हा त्याने व्हिडिओ दाखवले. धक्का जवळजवळ नाही, घडी होते, टॉर्च बसतो, दुसरी गोळी लगेच तयार. तेव्हापासून डोक्यात बसलंय की मचाणावर बसणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं काही नसावं.

विचारायचं ते असं: आपल्याकडे शेतराखणीच्या परवान्यावर अशी कार्बाइन मिळते का? ९ मिमी नसेल तर .३२ मध्ये? कोणती घ्यावी? ज्यांनी हाताळली आहे त्यांनी सविस्तर लिहावं. घरात वाद सुरू आहे आणि मला पक्की माहिती हवी आहे.

धुरेकरी

भाऊ, तुमचा प्रश्न आमच्या साऱ्या गावाचा हाय. दारव्हा तालुक्यात आमच्याकडे बी तेच चालू हाय. दिवसभर काम करा अन् रात्री जागलीले जा. थंडीत मचाणावर माणूस बसते, डोया लागला का डुक्कर वावरात. फटाके लावून पाह्यले, जुन्या लुगड्याचं कुंपण करून पाह्यलं, डब्बे वाजवले. चार दिस चालते, मंग त्याईले सवय होते. म्या बी बंदुकीचा इचार करून राह्यलो. जाणकार लोकाईनं सांगा, मी बी वाचतो.

कलम_१३

आर्वीकडचे भाऊ, मी तालुका कोर्टात वकिली करतो आणि शस्त्र परवान्याची कामं नेहमी येतात, म्हणून स्पष्ट लिहितो. तुम्ही म्हणता ती कार्बाइन आपल्याकडे शेतकऱ्याला मिळत नाही. मॉडेल आणि कंपनीचा प्रश्नच त्याआधी संपतो.

शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत हत्यारांचे वर्ग आहेत. त्यातल्या वर्ग १(क) मध्ये लष्करी ९ मिमी काडतूस ज्यात बसतं आणि उडतं अशी पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाइन येतात. कार्बाइन हा शब्द तिथे सरळ लिहिलेला आहे. .३८०, .४५५ आणि .४५ चंही तसंच. यांना आपण प्रतिबंधित बोर म्हणतो. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे, आणि डुकरांचा त्रास हे कारण तिथे चालत नाही.

.३२ चं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित नाही, म्हणून लोकांना वाटतं की .३२ ची कार्बाइन चालेल. इथेच गल्लत होते. वर्ग १(ख) मध्ये सगळी अर्धस्वयंचलित बंदुकी हत्यारं आहेत, आणि वर्ग ३(क) मधली पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर तेवढी त्यातून वगळली आहेत. म्हणजे लांब नळीची, खांद्याला लावायची, घोडा ओढला की आपोआप दुसरी गोळी चढवणारी .३२ ची कार्बाइन पुन्हा प्रतिबंधितच.

शेतराखणीसाठी कायद्याने काय दिलंय ते शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३(३) मध्ये आहे. खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. आणि ठासणीची पुरेशी नाही याची परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बाराबोर. तुमच्या घरी जी आहे तीच.

कारंजा_घाडगे_पोरगा

वकील साहेब, मग बाराबोरचीच नळी कापून आखूड केली तर? आमच्या इकडे एकजण म्हणत होता की लोहारसुद्धा करून देतो.

कलम_१३

हे कोणी मनातही आणू नका. २० इंचांपेक्षा आखूड गुळगुळीत नळी म्हणजे पुन्हा वर्ग १(ख), प्रतिबंधित. शिवाय नळी आखूड करणं हाच कलम ६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कलम २५(१) मध्ये किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. परवानाधारक असलात तरी सुटका नाही. कुठल्या तरी माणसाकडून आणलेला गावठी कट्टा बाळगणं हाही गुन्हाच. वावर वाचवायला गेलेल्या घरातला कर्ता माणूस जेलात बसल्याचं मी पाहिलंय, आणि त्या वर्षीचं पीक कोणी काढलं नाही. लोहाराचं नाव डोक्यातून काढून टाका, पोरा.

माजी_सुभेदार

कायद्याचं वकील साहेबांनी सांगितलं, मी हत्याराचं सांगतो. पलटणीत अनेक वर्षं ९ मिमी १ए कार्बाइन हाताळली. ही मूळची ब्रिटिश स्टर्लिंग, आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यात बनली. पोलिसांकडे अजून दिसते.

हातात घेतली की पहिल्यांदा आवडते, हे खरं. वजन अडीच किलोच्या थोडं वर, कुंदा (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) घडी केला की दीड फुटाच्या आसपास. मॅगझिन डाव्या बाजूने आडवं लागतं, ३४ गोळ्यांचं. मागच्या साइटला, म्हणजे नेम धरायच्या पट्टीला, दोन भोकं, १०० आणि २०० यार्डांची. पण २०० चं भोक कागदावर. आम्ही तिला जवळच्या कामाचं हत्यार समजायचो, खोलीत, खंदकात, गाडीत.

आता घोडा दाबल्यावर काय होतं ते बघा. तिचा बोल्ट उघडा, मागे अडकलेला असतो. घोडा दाबला की तो जड लोखंडी बोल्ट पुढे धावतो, मॅगझिनमधून गोळी ढकलत नेतो, नळीत बसवतो आणि तिथेच सुई आपटते. म्हणजे गोळी सुटण्याआधी हातातलं हत्यार पुढे झुकतं. शांत दिवसाउजेडी, तुम्ही जमिनीला पोट लावून पडलात तर सांभाळता येतं. मचाणावर, अंधारात, हलणाऱ्या डुकरावर नाही. तुमच्या मामेभावाकडे असेल ती नवीन पद्धतीची, बंद बोल्टची असणार. ती नक्कीच जास्त अचूक असेल. पण गोळी तीच.

आणि अडचण गोळीचीच आहे. ९ मिमीची गोळी साडेसात-आठ ग्रॅमची. पिस्तुलातून सुटताना ताकद साडेचारशे-पाचशे जूल. लांब नळीत वेग थोडा वाढतो, ताकद सहाशेच्या आसपास जाते. बाराबोरचं एक औंसाचं स्लग, म्हणजे छऱ्यांऐवजी एकच जड गोळी, अडीच-तीन हजार जूल. .३१५ रायफलची गोळीसुद्धा त्याच घरातली. वयात आलेल्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट ढालीसारखा थर असतो. तिथे ९ मिमी लागली तर डुक्कर पडत नाही, जखमी होऊन शेजारच्या तुरीत जातं. रात्री जखमी डुकराच्या मागे तुरीत शिरायचं कोणाला, तुम्हाला की बाबांना? धक्का कमी म्हणून घेतलेलं हत्यार शेवटी माणसालाच महागात पडतं.

वर्धा_ते_टेक्सास

मीच तो मामेभाऊ. दादा, तू धागा काढलास ते बरं केलंस, कारण व्हिडिओ दाखवताना अर्धंच बोलणं झालं होतं.

इथे अशी कार्बाइन का घेतात ते आधी सांगतो. पहिलं कारण, पिस्तूल आणि कार्बाइन एकाच काडतुसावर चालतात, कधी कधी मॅगझिनसुद्धा एकच. रूगर पीसी कार्बाइनमध्ये मॅगझिन बसायची जागा बदलता येते, मग ग्लॉक पिस्तुलाचं मॅगझिन लागतं. दुसरं, सरावाला ९ मिमी स्वस्त पडतं. तिसरं, जिथे रायफल चालवू देत नाहीत अशा बंदिस्त रेंजवरही ही चालते. इथे स्पर्धांमध्ये हिचा वेगळा गट आहे, आणि या हत्याराचं खरं रूप मला तिथेच दिसलं. पटापट, जवळच्या लोखंडी पाट्यांवर.

निवडताना लोक काय पाहतात? केल-टेकची सब-२००० मधोमध दुमडते, दप्तरात मावते, वजन दोन किलोच्या आतबाहेर. पण गाल टेकवायची जागा अरुंद आणि धक्का तिच्या हलक्या वजनाच्या मानाने टोचतो. रूगर तीन किलोच्या वर, दोन तुकड्यांत सुटते, आणि तिच्या बोल्टमध्ये टंगस्टनचं सरकणारं वजन आहे त्यामुळे झटका मऊ होतो. या दोन्ही साध्या ब्लोबॅकच्या. नळीला कुलूप नाही, फक्त बोल्टच्या वजनाने आणि स्प्रिंगने दाब सांभाळायचा. म्हणून ९ मिमीसारख्या छोट्या काडतुसालाही बोल्ट जड लागतो आणि तो मागे आपटल्याचा झटका खांद्याला कळतो. एमपी५ मध्ये रोलर लावून बोल्टचं उघडणं थोडं लांबवलंय, सिग एमपीएक्स गॅसवर चालते. त्या फार मऊ चालतात, आणि किंमतही तशीच. बहुतेकांच्या नळ्या १६ इंचांच्या जराशा वर, कारण इथल्या १९३४ च्या कायद्याप्रमाणे त्याहून आखूड रायफलची सरकारदरबारी वेगळी नोंद लागते. म्हणजे कायद्याच्या इंचांचं प्रकरण इथेही आहेच.

पण दादा, इथे डुकरांवर मी ती वापरत नाही. पिंजऱ्यात अडकलेल्या डुकराला अगदी जवळून, एवढाच तिचा उपयोग. मोकळ्या रानात सगळे .२२३, .३०८ असल्या रायफली घेऊन जातात. आणि इथलं रान म्हणजे हजार-दोन हजार एकरांना एक मालक, रात्री त्याच्या कुंपणात दुसरा माणूस नाही. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुकरं मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही, कारण ती इथे बाहेरून आलेली, उपद्रवी धरली जातात. आपल्या आर्वीला यातली एकही गोष्ट लागू नाही. सुभेदार काकांचं पूर्ण पटलं.

आर्वीकडचा

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्बाइनचा विषय माझ्यापुरता मिटला. पण मग .३१५ रायफलचं काय? ती प्रतिबंधित नाही ना? धक्का बाराबोरपेक्षा कमी म्हणतात.

ब्रह्मपुरीची_लेक

दादा, इथे मला बोलायचंच आहे. आमचं गाव ब्रह्मपुरी वनविभागात. वाघ ताडोब्यातच असतो असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे तो धानाच्या बांधीतून जातो, आणि आमची माणसं पहाटे त्याच बांधीने जातात.

.३१५ ची गोळी कुठे थांबते याचा विचार करा. सपाट काळी जमीन, डुक्कर चुकलं तर ती गोळी दोन-अडीच किलोमीटर जाऊ शकते. हरभऱ्याच्या दिवसांत रात्री शिवारात किती माणसं असतात ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक दुसऱ्या वावरात कोणीतरी जागलीला आहे. कोणी मचाणावर, कोणी ओलिताला मोटार चालू करायला आलेला, कारण लाइन रात्रीचीच. अंधारात त्याच्याकडे टॉर्च बंद असेल तर तो तुम्हाला दिसणार नाही. तिथे रायफल नकोच. ९ मिमीसुद्धा सपाट सुटली तर दीड किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे या बाबतीत कार्बाइनही तेवढीच वाईट. छऱ्याचं काडतूस काहीशे मीटरवर दम टाकतं. माझ्या दृष्टीने आपल्या शिवारात बाराबोरचं हेच सर्वात मोठं कारण आहे, ताकद नंतर.

आणि दुसरं. चमकलेले डोळे दिसले म्हणून घोडा दाबू नका. डुकराचे डोळे टॉर्चमध्ये फारसे चमकत नाहीत. जे ठळक चमकतात ते बहुतेक वेळा रोही, चितळ, कुत्रा, गाय, बिबट किंवा वाघ. अंगाची आख्खी बाजू ओळखल्याशिवाय बंदूक खांद्याला लावायची नाही. मी हे हात जोडून सांगते. आमच्याकडे माणसंही गेलीत आणि वाघही गेलेत, तारेच्या करंटने तर किती. ज्यांनी कुंपणाला थेट लाइन सोडली त्यांच्याच घरची माणसं पहाटे तिथे चिकटलेली आहेत.

कलम_१३

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. त्यात कायद्याची बाजू जोडतो, कारण बंदुकीचा परवाना असला म्हणजे डुक्कर मारायची परवानगी आहे असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११(१)(ख) प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर लेखी आदेशानेच परवानगी मिळते. आपल्याकडे रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी त्याचे अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्यायचे. सातबारा, नुकसानीचे फोटो, पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत, आणि अर्जाची पोच घ्यायची. पोच हातात नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. परवानगीवर अटी लिहिलेल्या असतात, त्या शब्द न् शब्द वाचा. मेलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता, घरी आणायचं नाही, वनखात्याला कळवायचं.

वाघ अंगावर आला आणि जीव वाचवताना काही घडलं तर कलम ११(२) चं संरक्षण आहे. पण ते जीव वाचवण्यापुरतंच, पिकासाठी नाही.

नुकसानभरपाईचा अर्जही सोबतच टाका. दोन्ही वेगळे आहेत, एकामुळे दुसरा अडत नाही.

धुरेकरी

वकील साहेब, भरपाईचा अर्ज म्या केलता. पंचनाम्याले माणूस आला तवा वावर वखरून झालं होतं. त्याचं काय करायचं?

कलम_१३

धुरेकरी भाऊ, तारीख-वेळ येणारे फोटो काढून ठेवत जा, त्यात वावराची ओळख पटेल अशी खूण हवी, विहीर किंवा झाड. अर्ज लगेच, एक-दोन दिवसांत. शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या की पुढे नाकारणं अवघड जातं. तुमच्या जुन्या अर्जाची पोच असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघतो.

दस्तेवाला

मी अमरावतीला बंदूक दुरुस्तीचं काम करतो, वडिलांपासून. धागा वाचला. आर्वीकडचे भाऊ, तुमचा खरा प्रश्न मला तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच दिसला. बंदूक लांब, धक्का जास्त, खांदा दुखतो. यासाठी नवीन हत्यार लागत नाही, आहे ते अंगाला बसवावं लागतं. कपडा शिवून घेतो, बंदूक मात्र दुसऱ्याच्या मापाची वापरतो, आणि दोष काडतुसाला देतो.

कुंद्याचं माप असं बघा. कोपर काटकोनात वाकवा, कुंद्याचं मागचं टोक कोपराच्या आतल्या खोबणीला लावा, बोटाचं पहिलं पेर घोड्यावर आरामात यायला हवं. पेर पोचत नसेल तर कुंदा लांब. जुन्या दुनळ्यांचे कुंदे उंच माणसांच्या मापाचे असतात, आणि आपले म्हातारे बाबा थंडीत स्वेटर, वर कोट, वर घोंगडी घालून मचाणावर बसतात. कुंदा लांब पडला की तो खांद्याच्या खळगीत बसत नाही, दंडावर बसतो. दुखतो तो दंड. बाबांना विचारा, निळं कुठे पडतं. दंडावर पडत असेल तर माझं म्हणणं खरं.

कुंद्याचं लाकूड कापून रबरी पॅड लावता येतं, ते कायद्याने नळी कापणं नव्हे. पण परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच करा. पॅड नरम घ्या, गाडीच्या टायरच्या रबराचं कोणी लावून देत असेल तर नको, ते दगडासारखं कडक होतं.

दुसरं काडतूस. लोक दुकानात जाऊन सर्वात जोरदार मागतात. मचाणापासून डुक्कर २०-२५ पावलांवर असतं. तिथे एल.जी. किंवा एस.जी. छऱ्यांचं काडतूस पुरे. एल.जी. म्हणजे मोजके पण मोठे छरे, एस.जी.चे त्याहून थोडे लहान. स्लग तेव्हाच, जेव्हा नळीला चोक (तोंडाशी नळी अरुंद केलेली असते ते) कमी असेल आणि तुम्ही दिवसा कागदावर मारून पाहिलं असेल. जुन्या दुनळीत दोन नळ्यांचा चोक वेगळा असतो, सहसा उजवी मोकळी आणि डावी घट्ट. कोणत्या घोड्याला कोणती नळी उडते हे बाबांना माहीत असेल, तुम्हालाही माहीत हवं. आणि प्रत्येक बंदूक एकाच काडतुसाला वेगळं पसरवते. परवानगी असलेल्या रेंजवर २५ पावलांवर मोठा कागद लावा, दोन्ही नळ्यांतून मारा, छरे कुठे पडले ते पेनाने गोल करा. तो कागद जपून ठेवा.

लांबीचं म्हणाल तर पंप-ॲक्शन बाराबोर, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस चढवायची, आपल्याकडच्या सरकारी कारखान्यात बनते, नळी दुनळीपेक्षा आखूड, २० इंचांची कायदेशीर मर्यादा सांभाळून. मचाणावर ती खरंच सोयीची. पण वजनदार आहे, सरकवायचा आवाज होतो, आणि थंडीत घाबरलेला माणूस अर्धाच सरकवतो, मग काडतूस अडकतं. दुनळीत अडकायला काही नाही. दोन घोडे, दोन नळ्या, उघडली की आत काय आहे ते डोळ्याला दिसतं. बाबांसाठी मी दुनळीच सांगेन. तुम्ही तरुण, सराव करणार असाल तर पंप.

माजी_सुभेदार

दस्तेवाले भाऊ लाख बोललात. एक जोडतो. मचाण उंच असेल तर नेम खाली जमिनीकडे जातो आणि चुकलेली गोळी मातीत जाते. मचाण बांधतानाच ठरवा की कोणत्या बाजूला मारायचं नाही. गावाची बाजू, रस्त्याची बाजू, शेजाऱ्याच्या मोटारीची बाजू. तिकडे दोन बल्ल्या आडव्या बांधून टाका, म्हणजे अंधारात बंदूक तिकडे वळणारच नाही. आम्ही रेंजवर तसेच खांब रोवायचो.

आर्वीकडचा

बाबांना विचारलं. निळं दंडावरच पडतं! हे कोणीच कधी सांगितलं नव्हतं.

आता एक कागदोपत्री अडचण. परवाना बाबांच्या नावावर, पण रात्री मचाणावर मीच बसतो. बंदूक माझ्याजवळ असते. हे चालतं का?

कलम_१३

नाही, आणि हे आजपासूनच थांबवा. परवान्यावर तुमचं नाव नसेल तर बाबांच्या बंदुकीसह एकटं सापडणं म्हणजे विनापरवाना हत्यार बाळगणं. बाबा शेजारी बसलेले असतील तर गोष्ट वेगळी.

मार्ग आहे. २०१६ च्या नियमांमध्ये नियम २५ वारसांसाठी आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो जिवंतपणीच वारसाला नाव सुचवून हत्यार देऊ शकतो. तुमचे बाबा ७२ चे आहेत, म्हणजे बसतात. तुम्ही फॉर्म ए-१ भरून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा, सोबत बाबांचं संमतीपत्र आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत. तुमची पोलीस चौकशी होईल. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल, आणि हत्यार घरात कुठे कुलूपबंद ठेवणार ते लिहून द्यावं लागेल. २०१९ पासून परवाना ५ वर्षांचा असतो. एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं.

बहीण असेल तर तिची सही आधी घ्या. बहुतेक अर्ज तिथेच महिनोन्महिने पडून राहतात.

मोर्शीची_काकू

मी सहसा वाचतेच, लिहीत नाही. पण वारसाचं निघालं म्हणून लिहिते. यजमान गेल्यावर दुनळी माझ्या नावावर झाली. संत्र्याची बाग आहे आमची, डुकरं मुळाशी उकरतात आणि ओलिताच्या नळ्या फोडतात. नातेवाईक म्हणाले, बाईमाणूस काय करणार बंदुकीचं, विकून टाक. मी नाही विकली. प्रशिक्षण घेतलं, तिथल्या सरांनी कुंद्याचं मापही बघितलं, अगदी दस्तेवाले दादा म्हणतात तसंच. मला धक्क्याचा त्रास होत नाही, आणि माझं वजन काही फार नाही.

दोन गोष्टी नवीन परवानाधारकांनी लक्षात ठेवाव्यात. निवडणूक लागली की ठाण्यातून निरोप येतो, बंदूक जमा करावी लागते. पावती घ्या, परत आणताना नळीत गंज आहे का बघा. आणि पावसाळ्यात बंदूक कापडी गवसणीत ठेवू नका, कापड ओल धरतं. नळी पुसून, आतून तेलाचा हलका हात देऊन, लोखंडी कपाटात उभी. काडतुसं दुसऱ्या कुलपात.

बागेचं खरं काम मात्र सौर कुंपणाने केलं. झटका मशीन, मंजूर असलेलं, थेट लाइन नाही. वनखात्याच्या जन-वन विकास योजनेत त्यासाठी अनुदान आहे. तारेखाली गवत वाढलं की झटका मरतो, म्हणून पंधरा दिवसांनी गवत काढायला बाई लावते. बंदूक आता वर्षातून फार कमी वेळा कपाटाबाहेर येते, तेल द्यायला तेवढी नियमाने.

धुरेकरी

काकू, ते अनुदान एकट्या शेतकऱ्याले भेटते का साऱ्या गावानं मिळून अर्ज करा लागते? आमच्या शिवारात सात-आठ जनाईचे वावरं लागून हायेत.

मोर्शीची_काकू

मला माझ्या बागेपुरतं मिळालं, पण लागून असलेल्यांनी मिळून अर्ज केला तर कुंपण एकच, बाहेरून फिरवता येतं आणि तारेचा खर्च वाचतो. तुमच्या गावची संयुक्त वन व्यवस्थापन समिती किंवा परिसर विकास समिती असेल तर आधी तिच्या अध्यक्षाला भेटा, यादीत नाव तिथून जातं. मग वनपालांना.

आर्वीकडचा

दस्तेवाले दादा, पुढच्या आठवड्यात अमरावतीला येतो, कुंद्याचं काम करून घ्यायचं. बंदूक घेऊन एस.टी.ने येऊ का?

दस्तेवाला

तुम्ही नका आणू. बाबांना घेऊन या, बंदूक बाबांच्या हातात, मूळ परवाना सोबत, झेरॉक्स नाही. परवान्यावर जिल्ह्याबाहेर न्यायची मुभा आहे का ते आधी वाचा. नसेल तर कलेक्टर ऑफिसातून प्रवासाची परवानगी काढावी लागेल, वर्धा-अमरावती जिल्हा बदलतो. दुनळी तीन भागांत सुटते, सोडवून गवसणीत ठेवा, काडतुसं घरीच राहू द्या. एस.टी.पेक्षा कोणाची गाडी मिळाली तर बरी. आणि बाबांना सांगा, मचाणावर घालतात तो स्वेटर आणि कोट घालूनच या, माप त्यावरूनच घ्यायचं आहे.